इंग्रजीच्या तोंडी परीक्षेची पूर्वतयारी



इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे दिवस जवळ आले की वर्गावर्गांतून पाठांतराचा घोष ऐकू येऊ लागतो. प्रथम नाव, मग वय, मग गाव, अशा ठराविक क्रमाने दहा-बारा उत्तरे मुलांकडून घोकून घेतली जातात. परीक्षकाने तो क्रम मोडून ‘हू ब्रिंग्ज यू टू स्कूल?’ एवढेच विचारले, तर हुशार म्हणून गणलेला विद्यार्थीही गप्प होतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. त्याला उत्तरे मिळाली, भाषा मिळाली नाही. ऐकून समजण्याची व समजून बोलण्याची नित्याची सवय हीच तोंडी परीक्षेची खरी तयारी होय, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या राज्यात जून २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले व तोंडी कामाला त्यात निश्चित स्थान मिळाले. परंतु तोंडी गुण सढळ हाताने वाटले जातात, हा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. शालान्त परीक्षेत २०१८-१९ साली भाषाविषयांचे अंतर्गत २० गुण काढून टाकण्यात आले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी ते गुण पुन्हा देण्यात आले. यातून घ्यावयाचा बोध असा की, न तपासता दिलेले गुण मुलाच्या पदरात काहीच टाकीत नाहीत. त्याची वाचा मोकळी करण्याचे काम प्राथमिक शाळेतच व्हावे लागते.

वडनेरसारख्या गावी हे काम अधिक अगत्याचे आहे. येथील पुष्कळ मुलांशी घरी इंग्रजी बोलणारे कोणी नसते. शाळेतील तास हाच त्यांचा एकमेव आधार असतो. तथापि इंग्रजी त्यांना सर्वस्वी अपरिचित नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न प्लीज’ ही अक्षरे ती रोज पाहतात. कापूस तर त्यांच्या अंगणातला. आणि एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे नाव विलायतेच्या कापूसबाजारात सुपरिचित होते. तेव्हा संभाषणाचे विषय दूर शोधण्याचे कारण नाही.

१. प्रथम ऐकणे व करणे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नयी तालीम पुढे आली, तिने मातृभाषेला माध्यम मानले व इंग्रजीला प्राथमिक अभ्यासक्रमात स्थान दिले नाही. परंतु कृतीतून शिक्षण हे तिचे सूत्र इंग्रजीच्या तासालाही उत्तम लागू पडते. ‘ओपन द विंडो’, ‘गिव्ह मी टू स्टोन्स’ अशा आज्ञा द्याव्यात व मुलांनी त्या कृतीने पाळाव्यात. बोलण्याची सक्ती आरंभी करू नये.

२. मग प्रश्न फिरविणे. एकच विषय घेऊन प्रश्नांची दिशा बदलावी. उदाहरणार्थ :
‘व्हॉट डज युअर फादर ग्रो?’ ‘ही ग्रोज कॉटन.’
‘व्हेअर डज ही सेल इट?’ ‘इन हिंगणघाट.’
‘हू पिक्स द कॉटन?’ ‘माय मदर अँड माय आँट.’
यानंतर मुलांनी परस्परांस प्रश्न विचारावेत. ज्याला प्रश्न विचारता येतो, त्याला उत्तराचे भय राहत नाही.

३. मराठी वळणाच्या चुका. मराठीत प्रश्न करताना क्रियापद जागचे हलत नाही. म्हणून मुले ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे म्हणतात. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ हा क्रम कानांवर वारंवार पडला पाहिजे. ‘तू जेवला नाहीस का?’ यास आपण ‘हो, नाही जेवलो’ असे सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र तेथे ‘नो’ येतो. ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, तर ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठास टेकतात. ‘शिप’ व ‘शीप’ यांतील ऱ्हस्वदीर्घाने अर्थच पालटतो. अशा जोड्या रोज दोनच घ्याव्यात.

४. अडल्यावर काय बोलावे. प्रश्न न कळल्यास ‘प्लीज से इट अगेन’ आणि उत्तर ठाऊक नसल्यास ‘आय डोन्ट नो, सर’ किंवा ‘मॅडम’, ही वाक्ये प्रत्येक मुलास यावीत. मौनाने परीक्षकास काहीच कळत नाही. या वाक्यांनी मूल भाषा वापरते एवढे तरी निश्चित कळते.

५. सराव परीक्षा. रोज १५ मिनिटे राखून ठेवावीत व प्रत्येकी ३ मिनिटांप्रमाणे ५ मुलांशी बोलावे. ३० मुलांचा वर्ग ६ दिवसांत पूर्ण होतो. अधूनमधून दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांस परीक्षक म्हणून बोलवावे, म्हणजे अनोळखी आवाजाची भीती मोडते. १० गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : प्रश्न समजणे ४, उत्तराचा आशय ३, वाक्यरचना २, उच्चार १. उच्चाराला सर्वांत कमी गुण हेतुपुरस्सर सुचविले आहेत. आशय पोहोचला की उच्चार सरावाने सुधारतो.

शेवटी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आपली मुले घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे बोलतात. वर्गात ते शब्द उच्चारताच जर हशा झाला, तर मूल मराठीतही तोंड उघडीनासे होते; मग त्याच्याकडून इंग्रजीची अपेक्षा कोठून करावी? वऱ्हाडीत सांगितलेली हकीकत आधी पूर्ण ऐकून घ्यावी, नंतर तीच प्रमाण मराठीत व पुढे दोन-चार इंग्रजी वाक्यांत सांगण्यास साहाय्य करावे. चूक वाक्याच्या मध्येच दुरुस्त करू नये. वाक्य संपल्यावर शुद्ध रूप आपण सहज उच्चारावे.

परीक्षा काही मिनिटांची असते. पण अनोळखी माणसासमोर मान वर करून बोलता येण्याचा जो धीर त्या निमित्ताने मुलास लाभतो, तो त्यास पुढे बाजारात, कचेरीत व परगावी जन्मभर उपयोगी पडतो. तो धीर देणे हेच आपले खरे कर्तव्य होय.