हिरडीच्या खाली

माझा दात कधी किडला नाही की ठणकला नाही. त्यामुळे ब्रशवर रक्त दिसू लागलं तेव्हा घरातल्यांनी खापर ब्रशवरच फोडलं. मऊ ब्रश आला, लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. पुढे खालच्या दातांत फट पडून पेरूच्या बिया अडकायला लागल्या, तेव्हा हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले.

खुणा असलेली बारीक, बोथट सळई त्यांनी दात आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगू लागल्या, "तीन, दोन, तीन... पाच, सहा, सात." निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर असते; सूज येऊन ती खोल झाली की तिला पॉकेट म्हणतात. सातला सळईच्या टोकाला रक्त होतं, पण मला दुखलं नव्हतं. दुखत नाही, हेच या दुखण्याचं वाईट.

या पॉकेटात जंतू सुटे नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात ते थरावर थर रचून राहतात, हीच बायोफिल्म. आतल्या थरात प्राणवायू पोचत नाही, आणि पॉर्फायरोमोनास जिंजिव्हालिससारख्या जंतूंना नेमकी तशीच जागा लागते. शरीर त्यांच्याशी झुंजत राहतं आणि त्या धुमश्चक्रीत दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजतं. झिजलेलं हाड आपसूक भरून येत नाही.

मोरीतला बुळबुळीत थर नुसतं पाणी ओतून जात नाही, घासावाच लागतो, इथेही तसंच. डच संशोधक लेव्हनहूकने 1680 च्या दशकात व्हिनेगरने दात धुऊन पाहिले, तर मळाच्या वरवरचे जीव तेवढे मेले, आतले तसेच राहिले. महागडा माऊथवॉश खोल पॉकेटात पोचतच नाही आणि नुसत्या गोळ्यांनीही हा थर सुटत नाही. हिरडीखाली मुळापर्यंत खरवडून काढणं हाच मूळ उपचार. माझी ती सफाई भूल देऊन, थोडी थोडी करून झाली.

"साफ केले की दात हलतात," असं आमच्या आत्याबाई छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात हाड आधीच गेलेलं असतं; कीटणाच्या आधाराने दात घट्ट वाटतो, एवढंच. मिश्री लावणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तंबाखूने हिरड्यांचं नुकसान होतं आणि रक्त कमी दिसल्यामुळे रोग झाकलाही जाऊ शकतो. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं.

सुरुवातीलाच लक्ष दिलं तर मात्र सगळं सावरतं. 1965 साली डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हाडाला धक्का लागण्याआधीची ही गोष्ट. माझ्यासारख्यांना दोन दातांमधला छोटा ब्रश रोज आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, हे आता कायमचं.

पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा किडलेल्या दातापुरतं बोलून उठू नका. पॉकेट मोजायला सांगा आणि आकडे लिहून घ्या.