खुराड्यातील गोचीड आणि कपाशीचे औषध

प्रश्न : कोंबड्यांच्या खुराड्यात गोचीड झाली आहे. कपाशीवर फवारून उरलेले औषध तेथे मारावे काय? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : मुळीच मारू नये. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या शेतात जे विष माणसाला झेपले नाही, ते बंद खुराड्यात कोंबडीला झेपणे अशक्य असून त्याचा अंश अंड्यांतून व मांसातून घरच्यांच्या पोटातही जातो. कोंबड्यांची मऊ कवचाची गोचीड दिवसा लाकडाच्या व भिंतीच्या फटींत दडते, रात्री रक्त शोषते आणि अन्नावाचून अनेक महिने जगते, त्यामुळे केवळ पक्ष्यांवर उपचार करणे व्यर्थ ठरते. शिवाय ती स्पायरोकीटोसिस, म्हणजे मळसूत्री जिवाणूंमुळे होणारा ताप, पसरवते. म्हणून पक्षी बाहेर काढून खुराडे रिकामे करावे, केरकचरा जाळावा, फटींत उकळते पाणी ओतून त्या वाळल्यावर लिंपाव्यात व चुना द्यावा. एवढ्याने न भागल्यास पशुवैद्यकाने सुचवलेले कोंबड्यांसाठीचेच औषध त्याने सांगितलेल्या प्रमाणात, खाद्य-पाण्याची भांडी हलवून वापरावे आणि अंडी किती दिवस वर्ज्य करावीत, हेही त्यालाच विचारावे.