राउटरचे दिवे

गतवर्षीं शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या सायंकाळीं आमच्या घरचें इंटरनेट बंद पडलें. राउटरवरील 'वाय-फाय'चा दिवा तेवत होता, म्हणून मी फोनलाच दोष देत तासभर दवडिला. शेवटीं मुलीचा अर्ज शेजाऱ्यांकडे जाऊन भरला.

तो दिवा घरांत लहरी चालू आहेत एवढेंच सांगतो. बाहेरचा मार्ग मोकळा आहे असें नव्हे. म्हणून दिवे क्रमानें पाहावे. 'पॉवर' विझला, तर दोष विजेचा. फायबरच्या राउटरवर 'लॉस' तांबडा दिसला, म्हणजे प्रकाशसंकेतच घरापर्यंत पोहोंचत नाहीं. तार तुटली, फार वाकली किंवा निसटली असावी. 'पॉन' स्थिर असेल, तर कंपनीच्या केंद्राशीं जोडणी झाली आहे. लुकलुकत असेल, तर ती व्हावयाची आहे. 'पॉन' स्थिर असूनही 'इंटरनेट'चा दिवा विझलेला असेल, तर वर्गणी संपली काय तें पाहावें.

घाईनें रीसेटचें बटण मात्र दाबूं नये. त्यानें तुटलेली तार सांधत नाहीं; उलट राउटरमधील नोंदी पुसल्या जातात. सुटलेल्या तारेचें टोंकही डोळ्यासमोर धरूं नये. त्यांतील प्रकाश दिसत नसला, तरी अपाय करूं शकतो. कोणता दिवा कसा आहे हें टिपून कंपनीस कळवावें.