सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑईल गळायला लागलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं : सील गेलं. माझ्या जुन्या टर्बो-डिझेल जीपच्या वेळीही तेच मिळालं. गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं सील बदललं. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला पोचेपर्यंत नवं सीलही पाझरत होतं आणि डिपस्टिक आपल्या जागेवरून बोटभर वर आली होती. दुसऱ्या मिस्त्रींनी आजार आणखी मोठा ठरवला. "रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल." खोललं असतं तरी हाती काही लागलं नसतं. दोष हवेच्या पाईपवर वेल्ड केलेल्या एका निप्पलमध्ये होता.

रिंगा कितीही चांगल्या असोत, जळलेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरकडे, म्हणजे क्रँक फिरतो त्या ऑईलच्या पोकळीकडे, उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. या वायूसोबत पाण्याची वाफ आणि न जळलेलं इंधन असतं. तो आत साठला तर ऑईलचा गाळ होतो, आणि दाब वाढला की जिथे फट मिळेल तिथून ऑईल बाहेर पडतं. पूर्वीच्या गाड्यांत तिरप्या कापाची एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी पळाली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर. गाडी उभी राहिली की ओढही बंद. सगळी घाण रस्त्यावर जाई. शहरांवर धुरकं साचायला लागलं तेव्हा अमेरिकेत आधी कॅलिफोर्नियाने 1961च्या मॉडेलपासून, आणि 1963पासून देशभरातल्या कारखान्यांनी, हा वायू परत इंजिनातच जाळायची पद्धत आणली. आज आपल्या गाड्यांतही तीच आहे.

त्यासाठी लागणारी ओढ पेट्रोल इंजिनात फुकट मिळते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याच्या 18 ते 20 इंचांइतकं व्हॅक्युम असतं. पाण्याच्या हिशेबात ते सहा मीटरच्या वर जातं! चेंबरला मात्र काही सेंटीमीटर पाण्याइतकी ओढ पुरते. म्हणून मध्ये स्प्रिंगचा पीसीव्ही व्हॉल्व्ह लागतो, तो ही प्रचंड ओढ आवरून धरतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधलं व्हॅक्युम संपतं, आणि ब्लो-बाय तर नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

डिझेलला तसा थ्रॉटल नसतो. तिथे ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर नेणारा, पाईप एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाईपला जोडतात. फिल्टरमधून हवा खेचताना आणि अरुंद पाईपमधून ती वेगाने जाताना दाब किंचित उतरतो, तीच ब्रीदरची ओढ. इंजिन जितकी हवा जास्त मागेल तितकी ही ओढ वाढते, म्हणजे गरज असते तेव्हाच मिळते. मला ही रचना फार शहाणी वाटते. पण तिचं माप लहान आहे. 60 मिलिमीटरच्या पाईपमध्ये हवा सेकंदाला 30 मीटर वेगाने वाहत असेल, तर त्या वेगाचा दाब साडेपाच सेंटीमीटर पाण्याइतकाच भरतो. एवढ्या नाजूक हिशेबात निप्पलची दिशा चुकली की खेळ बिघडला.

माझ्या जीपचा मूळ रबरी होज चिरला होता. त्या जागी एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाईप करून घेतला होता. निप्पल आत थोडं घुसलेलं, टोक तिरपं कापलेलं, आणि त्या कापाचं तोंड येणाऱ्या हवेकडे. तोंड टर्बोकडे असतं तर वाहती हवा वायूला ओढून नेती. इथे ती समोरूनच आदळत होती आणि होती नव्हती ती ओढ संपवत होती. सपाट, पाईपच्या भिंतीलगत कापलेलं निप्पलसुद्धा याहून बरं.

हे सापडलं ते गवंडी लेव्हलला वापरतात त्या पारदर्शक नळीमुळे. डिझेल पंपाचं काम करणाऱ्या एका जुन्या मित्राने ऑईल-कॅपला भोक पाडून नळी लावली, तिचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरलं आणि आम्ही चढावर निघालो. पाणी इंजिनापासून दूर ढकललं जात होतं. निप्पल फिरवून पुन्हा वेल्ड केल्यावर त्याच चढावर ते इंजिनाकडे सरकलं. हा प्रयोग तुम्हीही करू शकता. नळीचे दोन्ही पाय लांब ठेवा, म्हणजे पाणी इंजिनात जाणार नाही. आणि नळीकडे बघायला शेजारी दुसरा माणूस हवा.

ओढ हवी म्हणून वाटेल तिथे जोडणी करू नका. टर्बोच्या पुढे जोडलात तर बूस्टचा दाब उलटा चेंबरमध्ये शिरेल. एअर-फ्लो सेन्सरच्या आधी जोडलात तर सेन्सरवर ऑईलचा थर बसेल. पाईप काढून खाली मोकळा सोडण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकलात तर ओढ जाते, ऑईलचा वास केबिनमध्ये येतो आणि प्रदूषण होतं ते वेगळंच. ऑईल गाळणारा डबा मध्ये बसवायला हरकत नाही, पण तो नियमित रिकामा करावा लागतो, आणि कडक थंडीच्या मुलखात त्यातलं पाणी गोठून पाईप बंद होऊ शकतो.

ओढ जास्त होणंही वाईट. फिल्टर धुळीने तुंबला की ब्रीदरवरची ओढ कित्येक पटींनी वाढते आणि वायूबरोबर ऑईलही खेचलं जातं. चेंबरमध्ये ऑईल खुणेच्या वर भरलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. डिझेल इंजिन ते ऑईल इंधन म्हणून जाळायला लागलं की चावी बंद करूनही थांबत नाही, वेग वाढतच जातो. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा, इंजिन बंद पडतं. धडधडणाऱ्या इंजिनाजवळ उभं राहून हाताने हवेचा पाईप दाबायला मात्र जाऊ नये.

तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याआधी फिल्टर, ब्रीदरचा पाईप आणि निप्पल उघडून बघा, आणि सील बदलू म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे आधी पाण्याच्या नळीची चाचणी मागा.