विस्तवही आणि खतही: गोबर गॅसचा विचार

गोठ्यातून निघणाऱ्या शेणाची वाट दोन दिशांनी लागते. काही शेण उकिरड्यावर जाते व त्याचे खत होते. उरलेल्याच्या गोवऱ्या थापल्या जातात आणि त्या चुलीत जळतात. चुलीत गेलेल्या शेणातील नत्र धुराबरोबर निघून जातो व शेताच्या वाट्यास केवळ राख येते. चार-पाच मोठ्या जनावरांच्या गोठ्यातून दररोज सुमारे ५० किलो ओले शेण मिळते असे धरल्यास वर्षास ते १८,००० किलोंवर भरते. ओल्या शेणात शेकडा ०.३ भाग नत्र धरला, तर या शेणात ५५ किलोंच्या आसपास नत्र असतो. तेवढा नत्र विकत आणावयाचा तर ४५ किलोंच्या युरियाच्या अडीच गोण्यांहून अधिक माल लागेल. शेतकऱ्यास याचा दोष देण्याचे कारण नाही. घरात अन्न शिजले पाहिजे, आणि सरपणाची दुसरी सोय नसेल तेथे शेण जळणारच. शेणातील विस्तव काढून घ्यावा व खत मात्र शिल्लक ठेवावे, अशी युक्ती गोबर गॅस संयंत्राने साधते.

देशाच्या इंधनात याचे स्थान

ऊन, वारा, वाहते पाणी आणि शेण-पालापाचोळा ही इंधने वापरली तरी पुन्हा निर्माण होतात. मुंबईस ही गोष्ट नवी नाही. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली; पुढे १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाने मुंबईची यंत्रे चालविली, असे म्हणावयास हरकत नाही.

२०२५ च्या मध्यास देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मा भाग कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य साधनांचा झाला. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सूर्य मावळला की सौर पट्ट्या थांबतात, वारा पडला की पवनचक्की थांबते. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अद्यापि कोळशाचाच वाटा मोठा आहे. शिवाय चुलीचा प्रश्न विजेच्या तारेने सुटलेला नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गावोगावी सिलिंडर पोहोचले, ही मोठीच सोय झाली. परंतु देशात वापरल्या जाणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो, आणि सिलिंडर पुन्हा भरून घेण्याच्या वेळी अनेक घरांत हात आखडतो. गोठ्यातील गॅस रात्रीही मिळतो, त्यास जहाज लागत नाही व त्याचा साठा दारातच असतो. मोठ्या शहराची गरज त्याने भागणार नाही हे खरे. पण त्याचे काम निराळे आहे.

उपनगरांतील कार्य

मुंबई आणि शेण यांचा संबंध जोडलेला पाहून काहींस नवल वाटेल. तथापि हा विषय येथेच वाढला. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून निघणारा गॅस गोळा करून वापरण्यात आला होता. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी शेणावर चालणाऱ्या 'ग्रामलक्ष्मी' संयंत्राची रचना सिद्ध केली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने, ज्याचे मुख्य कार्यालय विलेपार्ले येथे आहे, १९६० च्या दशकाच्या आरंभी हे काम हाती घेतले. बोरिवलीच्या कोरा केंद्रात आयोगाचे गोबर गॅस संशोधन चालत असे. बोरिवली व मुलुंड हे भाग १९५७ मध्ये बृहन्मुंबईत सामील झाले. तोवर तेथे भातखाचरे व गोठे हेच मुख्य दृश्य होते. आज त्या जागी इमारती आहेत, पण लोखंडी तरंगत्या टाकीचे जे संयंत्र महाराष्ट्रातील खेड्यांत दिसते, ते या आयोगाच्याच नमुन्याचे होय.

रचना व क्रिया

जमिनीत विटांची एक विहीर बांधतात. तिच्या एका बाजूस शेण कालविण्याची कुंडी व दुसऱ्या बाजूस पचलेला शेणकाला बाहेर पडण्याची कुंडी असते. विहिरीवर लोखंडी टाकी उपडी घातलेली असते. शेण व पाणी समभाग घेऊन, काडीकचरा व खडे काढून, काला आत सोडतात. हवा न मिळालेल्या या काल्यात सूक्ष्म जंतू वाढतात आणि गॅस तयार होतो. त्यात शेकडा ५५ ते ६० भाग मिथेन असतो व उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. गॅस साठू लागला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. टाकीच्या उंचीवरून घरातील बाईस आजचा स्वयंपाक होईल की नाही हे कळते. दुसऱ्या मापाची गरज नाही. एकदा आत गेलेले शेण सुमारे ४० दिवस विहिरीत राहते. हे जंतू उबेस फार मानतात. ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास काम उत्तम चालते, थंडीत मंदावते. म्हणून कोकणपट्टीतील संयंत्रापेक्षा घाटमाथ्यावरील संयंत्र हिवाळ्यात कमी गॅस देते.

एक किलो ओल्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे ५० किलो शेणास २ घनमीटर गॅस, व त्यावर सहा-सात माणसांचा स्वयंपाक होतो. आकार ठरविताना शेजाऱ्याकडे पाहू नये, गोठ्याकडे पाहावे. जनावरे दिवसभर चरावयास जात असतील तर निम्मे शेण रानात पडते, हे कागदावरच्या हिशेबात येत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने संयंत्राची शिफारस करण्यापूर्वी आठवडाभर शेण प्रत्यक्ष वजन करून घ्यावे. मोठेपणासाठी बांधलेले मोठे संयंत्र उपाशी राहते व अखेर बंद पडते. बंद पडलेले एक संयंत्र गावातील पुढील दहा संयंत्रे अडविते.

संयंत्रे बंद पडण्याचे दुसरे कारण लोखंडाचा गंज. टाकीस दरवर्षी रंग द्यावा आणि वरची साय फुटावी म्हणून ती रोज थोडी फिरवावी. ज्यांस हे जमणार नाही त्यांनी १९८४ मध्ये पुढे आलेले पक्क्या घुमटाचे 'दीनबंधु' संयंत्र पाहावे. त्यात लोखंडी टाकी नाही, परंतु घुमटास गवंडी मात्र जाणता हवा. नळीत साचलेले पाणी वेळोवेळी काढावे. सांध्यातून गॅस गळतो की काय हे साबणाच्या पाण्याने तपासावे, काडी पेटवून कधीही तपासू नये. प्रथम भरणीनंतर येणारा गॅस हवेत मिसळलेला असतो. तो विस्तवापासून दूर सोडून द्यावा. विहिरीत दुरुस्तीसाठी कोणासही एकट्याने उतरू देऊ नये. आतील वायूने माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढण्यासाठी धावलेला दुसराही तेथेच पडतो. अशा अपघातांत एका घरातील दोन-तीन जीव गेलेले आहेत.

बाहेर पडलेला शेणकाला हेच खरे उत्पन्न समजावे. तो उन्हात वाळविल्यास त्यातील नत्राचा काही भाग उडून जातो. पाटाच्या पाण्याबरोबर सोडता आला तर उत्तम. नाहीतर पालापाचोळ्यावर थर देऊन त्याचे कंपोस्ट करावे.

आरेचा हिशेब

गोरेगावजवळील आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. अशा वसाहतीतील एक हजार म्हशींचा हिशेब करून पाहावा. म्हशीमागे १५ किलो शेण धरले तर दिवसास १५,००० किलो शेण व त्यापासून ६०० घनमीटर गॅस मिळेल. स्वयंपाकास तो दररोज १८ सिलिंडरांच्या बरोबरीचा होईल. तबेल्यात मात्र शेण उचलण्याऐवजी नळाच्या पाण्याने धुऊन काढण्याची सवय असते. इतके पातळ धुवण विहिरीत घातले तर ४० दिवसांऐवजी थोड्याच दिवसांत बाहेर पडते व गॅस जेमतेम येतो. नाल्यात सोडले तर नाला नासतो. तेथे प्रथम फावडे व घमेले लागते. शेण आधी उचलावे, मग जमीन धुवावी, आणि धुतलेले पाणी वैरणीच्या शेतास निराळ्या पाटाने द्यावे.