उष्ण झरे, वीज आणि प्रवासी

पृथ्वीच्या पोटात अपार उष्णता साठलेली आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत ज्यांनी स्नान केले असेल, त्यांना तिचा अनुभव आहेच. ही उष्णता जेथे भूपृष्ठाजवळ येते, तेथे खोल विहिरी विंधून वाफ वर आणता येते व तिच्या जोरावर वीज निर्माण करता येते. त्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही, की धरण बांधावे लागत नाही. परंतु अशी स्थळे बहुधा निसर्गरम्य असतात व ती पाहावयास दूरदूरचे लोक येतात. तेथे वीजघर उभारलेले त्यांना रुचते काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

न्यूझीलंडमधील वाइराकेई येथे 1958 साली वीजनिर्मिती सुरू झाली. तेथील गायझरांची दरी त्यापूर्वी प्रवाशांत प्रसिद्ध होती. थांबून थांबून उकळत्या पाण्याचा फवारा उंच उडविणारा झरा म्हणजे गायझर. विहिरींतून पाणी व वाफ उपसली जाऊ लागताच भूगर्भातील दाब उतरला आणि काही वर्षांतच दरीतील गायझर थंडावले. नवल असे, की जवळच्याच कारापिती येथे उलट घडले. दाब उतरल्याने तेथे खोलवरचे पाणी उकळून वाफ अधिकच उसळू लागली. आज प्रवासी तेथे जाऊन निसर्गाचा चमत्कार म्हणून ती वाफ कौतुकाने पाहतात.

आइसलँडमधील ‘ब्लू लगून’ची कथाही अशीच बोधप्रद आहे. स्वार्त्सेंगी येथील वीजघर 1976 पासून चालू झाले. त्यातून सोडलेले गरम पाणी लाव्हाच्या खडकांत साचून दुधाळ निळे तळे तयार झाले. पुढे लोक त्यात स्नान करू लागले व आज ते जगप्रसिद्ध आहे. यावरून दिसते, की नळ व वाफेचे लोट यांचा प्रवाशाला सरसकट तिटकारा नसतो. वीजघराने त्याला काही दिले, तर तो त्याचे स्वागतही करतो.

मग प्रवाशाची पसंती हीच कसोटी मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्रवासी डोळ्यांना दिसते त्यावरून मत बनवितो. वाइराकेईस आज जाणाऱ्याने जुने गायझर पाहिलेलेच नाहीत; मग त्यांच्यासाठी तो हळहळणार कसा? नष्ट झालेल्या सौंदर्याची बाजू मांडावयास साक्षीदार उरत नाही.

म्हणून वेळीच जागे होणे अगत्याचे आहे. न्यूझीलंडमधीलच रोटोरुआ येथे घरे व हॉटेले उबदार ठेवण्यासाठी शेकडो विहिरी विंधल्या होत्या. त्यामुळे तेथील झरे क्षीण होऊ लागले. तेव्हा 1986 साली सरकारने पोहुतू गायझरच्या दीड किलोमीटर परिसरातील विहिरी बंद करण्याचा आदेश दिला. अनेक नागरिकांस तो जाचक वाटला. परंतु भूगर्भातील पाण्याची पातळी वाढली आणि 1979 मध्ये थंडावलेला पापाकुरा गायझर 2015 मध्ये पुन्हा उसळला.

वीज हवी, यात शंका नाही. परंतु विहीर विंधण्यापूर्वी झऱ्यांची नीट मोजदाद व्हावी आणि प्रवाशाचे मत विचारण्यापूर्वी त्याला भूगर्भातील गोष्टही सांगितली जावी. जाणून दिलेल्या मतालाच खरे मोल असते.