प्रजा प्रथम, राजा शेवटी : प्राचीन चीनमधील सदय राज्याचा विचार



चांगले राज्य कोणते? ज्याचे सैन्य मोठे आणि ज्याचा खजिना भरलेला, ते राज्य चांगले, असे पुष्कळांना वाटते. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी चीन देशातील विचारवंतांनी या प्रश्नाचे निराळे उत्तर दिले. आजच्या पाठात आपण त्या उत्तराचा अभ्यास करू. ते कोठे पुरे पडते आणि कोठे अपुरे पडते, हेही पाहू. कारण कितीही थोर पुरुषाचे म्हणणे असले, तरी ते पारखून घेणे हेच विचारी माणसाचे लक्षण होय.

यांतील पहिला विचारवंत कन्फ्यूशियस. त्याचा जन्म इ. स. पूर्व ५५१ मध्ये लू नावाच्या राज्यात झाला आणि इ. स. पूर्व ४७९ मध्ये तो वारला. त्या काळी चाऊ घराण्याची सत्ता नावापुरती उरली होती. लहानमोठी राज्ये आपसांत लढत होती आणि लढाईचा सारा भार शेतकऱ्यावर पडत होता. कन्फ्यूशियसने 'रेन' या गुणाला सर्वश्रेष्ठ मानले. रेन म्हणजे माणुसकी. चिनी लिपीत हे अक्षर 'माणूस' आणि 'दोन' या खुणा मिळून होते. म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे, हाच त्याचा गाभा.

एकदा त्झूकुंग नावाच्या शिष्याने त्याला विचारले, की राज्याला काय काय लागते? गुरूने तीन गोष्टी सांगितल्या : पुरेसे अन्न, पुरेशी शस्त्रे आणि प्रजेचा विश्वास. यांतील एक सोडावी लागली तर? शस्त्रे सोडावी. आणखी एक सोडावी लागली तर? अन्नही सोडावे, परंतु विश्वास गेला तर राज्य उभेच राहू शकत नाही, असे त्याने बजावले. केवळ कायद्याच्या आणि शिक्षेच्या धाकाने लोक पळवाटा शोधतात, त्यांना लाज उरत नाही; राज्यकर्ता स्वतः सरळ वागला तरच प्रजा सरळ वागते, असे त्याचे मत होते.

हा विचार पुढे नेला मेन्शियसने. त्याचा काळ सुमारे इ. स. पूर्व ३७२ ते २८९. 'रेन'च्या जोडीला त्याने 'यी', म्हणजे न्याय्य आचरण, ठेवले आणि हे दोन शब्द घेऊन तो राजदरबारांतून फिरला. लिआंगच्या हुई राजाने त्याला पहिलाच प्रश्न केला, की माझ्या राज्याला तुमच्यामुळे कोणता लाभ होईल? मेन्शियसने लाभाची भाषाच नाकारली. राजा लाभ पाहू लागला की सरदार लाभ पाहतात, सरदारांच्या मागून सामान्य जन. मग सारेच एकमेकांना ओरबाडतात.

त्याने याच राजाला एक प्रश्न विचारला. माणसाला काठीने मारणे आणि सुरीने मारणे यांत काही फरक आहे काय? राजा म्हणाला, नाही. मग सुरीने मारणे आणि वाईट राज्यकारभाराने मारणे यांत? राजाला पुन्हा नाही म्हणावे लागले. राजाच्या मुदपाकखान्यात मांस आहे, तबेल्यात धष्टपुष्ट घोडे आहेत आणि वाटेवर माणसे भुकेने मरून पडली आहेत. अशा वेळी दोष दुष्काळाचा आहे असे म्हणणे म्हणजे माणसाला भोसकून दोष शस्त्राला देणे होय, असे त्याने सुनावले.

ची राज्याच्या श्युआन राजाची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नव्या घंटेला रक्त लावण्यासाठी एक बैल नेला जात होता. त्याचे थरथरणे राजाला पाहवले नाही. त्याने बैल सोडून मेंढा नेण्यास सांगितले. मेन्शियस म्हणाला, की हेच दयाळू मन राज्य चालविण्यास पुरेसे आहे. परंतु तुमची दया जनावरापर्यंत पोहोचते आणि प्रजेपर्यंत पोहोचत नाही, हे कसे? तुम्हांला ते जमत नाही असे नव्हे. तुम्ही ते करीत नाही.

आणि करायचे म्हणजे काय? येथे मेन्शियस कोरडा उपदेश करीत नाही. शेतकऱ्याला पेरणी-कापणीच्या दिवसांत वेठीला धरू नये. तळ्यात बारीक जाळे टाकू नये, म्हणजे मासे संपणार नाहीत. घराजवळ तुतीची झाडे लावावी, म्हणजे पन्नाशीच्या माणसाला रेशमी वस्त्र मिळेल. शंभर 'मू' जमीन कुटुंबाकडे राहू द्यावी, म्हणजे आठ माणसांचे घर उपाशी राहणार नाही. मग शाळा काढाव्या. हाताला कायमचे साधन नसेल तर सामान्य माणसाचे मन स्थिर राहत नाही. तो गुन्ह्याकडे वळतो. आधी त्याला त्या स्थितीत ढकलायचे आणि मग शिक्षा करायची, याला मेन्शियस प्रजेसाठी सापळा लावणे म्हणतो.

त्याने क्रमही ठरवून दिला. राज्यात सर्वांत महत्त्वाची प्रजा, मग भूमीच्या व धान्याच्या देवता, आणि सर्वांत शेवटी राजा. शांग घराण्याच्या शेवटच्या जुलमी राजाचा वध झाला, तो राजवध होता काय, असे विचारले असता त्याने सांगितले, की माणुसकी आणि न्याय पायदळी तुडविणारा राजा राजा उरतच नाही. तेथे एका दुष्ट माणसाचा वध झाला.

हे विचार राजांना बोचले यात नवल नाही. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. उपासमारीच्या दिवसांत त्याने बौद्ध विहारात आश्रय घेतला होता. तरीही सिंहासनावर बसल्यावर त्याने १३९४ मध्ये मेन्शियसच्या ग्रंथातून ८५ उतारे काढून टाकविले. सत्ता माणसाला स्वतःची भूक कशी विसरायला लावते, ते पाहा!

आता उणीव पाहू. बुद्धीने काम करणाऱ्यांनी राज्य करावे आणि हाताने काम करणाऱ्यांनी त्यांना पोसावे, हे मेन्शियसला मान्य होते. वाईट राजाला दूर करण्याचा अधिकार त्याने राजकुळातील मंत्र्यांना दिला, शेतकऱ्याला नव्हे. म्हणजे प्रजा सर्वांत मोठी, परंतु तिच्या हाती मत नाही. राजा दयाळू निघाला तर भाकरी, नाही तर उपास. दया आणि हक्क यांतील हा भेद आपल्या घरांना समजावून सांगावा लागत नाही. बैल वाचला, पण त्याच दयेने मेंढा मरणाच्या वाटेला गेला. जो राजाच्या डोळ्यांपुढे नाही, त्याला दया कशी पुरणार?

म्हणून मेन्शियसकडून त्याचा प्रश्न घ्यावा : राज्यात शेवटच्या घरी चूल पेटते काय? आणि तो विचारण्याचा अधिकार मात्र कोणाच्या दयेवर सोडू नये.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. शस्त्रे, अन्न आणि विश्वास यांत कन्फ्यूशियसने विश्वासाला शेवटपर्यंत का ठेवले?
२. गुन्हा आणि उपजीविका यांचा संबंध मेन्शियस कसा दाखवितो?
३. दयाळू राजा आणि मताचा अधिकार, यांपैकी आपण काय निवडाल? का?